बंदोबस्त : एका शब्दाची बांधणी

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाची संहिता)



हीरकमहोत्सवासारख्या समारंभात एक शब्द सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानांवर पडत असतो. मांडवाचा बंदोबस्त झाला का? जेवणाचा बंदोबस्त कोणाकडे आहे? बाहेरगावच्या पाहुण्यांच्या उतरण्याचा बंदोबस्त कोठे केला? कार्य पार पडले की मांडवाच्या कनातींबरोबर हा शब्दही गुंडाळून ठेवला जातो आणि पुढच्या कार्यापर्यंत त्याची कोणी विचारपूस करीत नाही. आजचे भाषण या राबणाऱ्या शब्दाविषयी आहे.

भिलाईत वाढणाऱ्या मराठी मुलाला हा शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी भेटतो. घरात तो सोयीचा शब्द आहे. रात्रीच्या गाडीने मामा येणार असला की आजी अंथरुणा-पांघरुणाचा बंदोबस्त करावयास सांगते. गणेशविसर्जनाच्या दिवशी चौकाचौकांत पोलीस उभे राहतात आणि मराठी वर्तमानपत्र त्याला 'चोख बंदोबस्त' म्हणते. तेथे तो पहाऱ्याचा शब्द होतो. स्वयंपाकघरात उंदीर शिरले की त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. तेथे त्याचा अर्थ उच्चाटन असा होतो. मराठीची गंमत अशी की पाहुण्यांच्या मुक्कामाचा बंदोबस्त करणे हे आतिथ्य ठरते. पण 'पाहुण्यांचा बंदोबस्त केला' एवढेच म्हटले, तर ऐकणारा दचकतो.

या तिन्ही अर्थांनंतर चौथा अर्थ त्याला तहसील कचेरीत भेटतो. छत्तीसगढच्या खेड्यांत 'बंदोबस्त' म्हणजे जमिनीची मोजणी, प्रतवारी आणि सारा ठरविण्याचे सरकारी काम. पाटाची, मांडवाची, पोलिसांची येथे काहीच गोष्ट नसते. 'ही नोंद कोणत्या बंदोबस्तातली?' असे कारकून विचारतो, तेव्हा तो शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदाविषयी बोलत असतो.

एकाच शब्दाच्या पोटी आतिथ्य, पहारा, उच्चाटन आणि जमिनीचा सारा हे चार अर्थ कसे आले असावेत? उत्तर शोधण्यासाठी प्रथम शब्दाची गाठ सोडून पाहावी लागते.

'बंदोबस्त' हा शब्द फारसी आहे. त्याचे तीन तुकडे पडतात : बंद, ओ आणि बस्त. मधला 'ओ' म्हणजे 'आणि'. उरलेले दोन्ही तुकडे एकाच क्रियापदाचे आहेत. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे. 'बंद' हे त्याचे वर्तमानकाळी अंग आणि 'बस्त' हे भूतकाळी अंग. एकाच धातूची ही दोन रूपे 'ओ'ने जोडून शब्द घडविण्याची फारसीला हौस आहे. गझलांमुळे आणि हिंदी चित्रपटगीतांमुळे परिचयाचा झालेला 'गुफ्तगू' असाच घडला. त्यात बोलण्याची दोन रूपे आहेत. 'जुस्तजू'मध्ये शोधण्याची दोन रूपे आहेत. त्याच साच्यात 'बंदोबस्त' बसतो : बांधणे आणि बांधलेले. मराठीत याचे अगदी घरगुती भाषांतर करावयाचे झाले तर शब्द तयारच आहे, 'बांधाबांध'.

येथे एक कुतूहलाची गोष्ट दिसते. फारसीतले 'बंद' आणि संस्कृतातले 'बंध' हे ऐकावयास इतके सारखे का? कोणी कोणाकडून उसने घेतले? कोणीही नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यातील एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कोणा एका जुन्या मूळातून निघाल्या असाव्यात आणि फारसीही त्याच कुळात धरता येईल, असा विचार त्यांनी त्यात मांडला. पुढील शतकात विद्वानांनी तो पक्का केला. त्या दृष्टीने पाहिले तर फारसीचा 'बंद' आणि संस्कृताचा 'बंध' हे सख्खे भाऊ ठरतात. इतकेच नव्हे, तर 'बस्त' म्हणजे संस्कृतातले 'बद्ध'च होय. मूळ घडण एक. इराणच्या बाजूला तिचे 'बस्त' झाले, भारताच्या बाजूला 'बद्ध'. इंग्रजीतले बाइंड, बँड, बाँड आणि बंडल हेही त्याच घरचे. इमारतीच्या कामावर सळया एकमेकींना आवळण्यासाठी कारागीर जी बारीक तार वापरतो, तिला तो 'बाइंडिंग वायर' म्हणतो आणि तिने सळया 'बांधतो'. एकाच कुळातले दोन चुलतभाऊ एका वाक्यात शेजारी येऊन बसतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

भिलाईच्या दृष्टीने त्या तारखेत एक योगायोगही आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करारही २ फेब्रुवारीलाच झाला, १९५५ साली. इंग्रजीत करार म्हणजेही 'बाँड', बांधणेच. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

फारसी शब्द मराठीत आले ते राज्यकारभाराबरोबर. बहमनी काळापासून पुढे दप्तर, फौज, महसूल आणि न्याय यांची भाषा फारसीमय झाली. छत्रपती शिवाजीमहाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करविला, तो या शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तो प्रयत्न स्वत्वाचा होता आणि त्याचे मोल मोठे आहे. तरीही पुढच्या मराठी पत्रव्यवहारात फारसी शब्द मोठ्या संख्येने राहिले. १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांना एक अख्खा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध करावासा वाटला, यावरूनच त्यांची गर्दी किती होती हे कळते. 'बंदोबस्त'सारखा शब्द टिकला, याचे एक कारण असे असू शकेल की मराठी कानाला तो परका वाटलाच नाही. 'बांधणे' ज्या भाषेत आधीच होते, तेथे 'बंद' येऊन बसला तेव्हा घरच्यांना वाटले, हा आपल्यातलाच कोणीतरी.

बसल्यावर त्याने मोठा प्रपंच थाटला. घोड्याच्या पागेतून 'पायबंद' आला. घोडा उधळू नये म्हणून त्याच्या पायांना घालावयाचे ते बंधन. 'जेरबंद' हाही घोड्याच्याच साजातला पट्टा. आज वर्तमानपत्रात चोर जेरबंद होतात, तेव्हा घोडा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. किल्ल्यावरून 'तटबंदी' आणि 'मोर्चेबंदी' आली. दागिन्यांच्या डब्यातून 'बाजूबंद' आला. हिशेबाच्या वहीतून 'ताळेबंद' आला, आणि २०२० च्या मार्चनंतर 'टाळेबंदी' हा शब्द घराघरांत आला. 'ताळेबंद' आणि 'टाळेबंदी' यांत उच्चाराचा थोडासाच फरक आहे. पण एकाने जमाखर्च जुळतो आणि दुसऱ्याने दारे मिटतात.

संस्कृताच्या अंगाने आलेली भावंडेही तितकीच मराठमोळी आहेत. शेताचा बांध, ओढ्यावरचा बंधारा, बंधू आणि बांधव, संबंध, बांधिलकी. परीक्षेत मुले लिहितात तो 'निबंध' म्हणजेही नीट बांधलेलेच. विचार सुटे असतील तर गुण कापले जातात, ते नावाला धरूनच.

या प्रपंचातले दोन शब्द आजच्या विषयासाठी वेगळे काढून ठेवावेत असे आहेत : 'पायबंद' आणि 'बस्ता'.

'बस्ता' म्हणजे फारसीत 'बांधलेले', म्हणून गाठोडे. विदर्भातून आलेल्या कुटुंबांना तो लग्नघरातला शब्द म्हणून ठाऊक आहे. लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी कापडाच्या दुकानात जाऊन शालू, साड्या, मानपानाची वस्त्रे घेतात. त्याला 'बस्ता बांधणे' म्हणतात. छत्तीसगढमधल्या मुलाला तोच शब्द शाळेच्या दारात भेटतो. त्याच्या पाठीवरचे दप्तर म्हणजे हिंदीत 'बस्ता'. आणि गावच्या पटवाऱ्याच्या कापडात बांधलेले नकाशे, खसरे, नोंदवह्या, तोही 'बस्ता'च. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशाच कागदांच्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. वधूचे वस्त्र, मुलाची पुस्तके आणि गावाची जमीन या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात बांधल्या जाव्यात, हे सहज घडलेले नाही. ज्या गोष्टी हरवून चालत नाही, त्या माणूस बांधून ठेवतो.

आता जमिनीच्या बंदोबस्ताकडे वळावयास हरकत नाही, कारण या प्रदेशाशी मराठीचे जुने नाते त्याच वाटेने आले.

१७४१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली आणि कलचुरी राजांची सत्ता वाकविली. १७५८ पासून बिंबाजी भोसले स्वतः रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १७८७ साली त्यांचे निधन झाल्यावर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. जुन्या गढांच्या जागी परगणे आले, परगण्यावर कमाविसदार आला आणि छत्तीसगढच्या महसुलाच्या भाषेत मराठी दप्तराचे शब्द शिरले. १८१८ नंतर कारभाराचे ठिकाण रतनपूरहून रायपुरास हलले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली नागपूर हीच राजधानी ठेवून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला.

त्यानंतर आला तो इंग्रजी अमदानीतील बंदोबस्त. बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने सारा कायमचा ठरवून टाकला होता. मध्य प्रांतात तो मुदतीने ठरविण्याचे धोरण होते. बिलासपूर जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा अहवाल चिशोम यांनी १८६८ साली दिला आणि रायपूर जिल्ह्याचा हेविट यांनी १८६९ साली. आजचा दुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता; तो १९०६ साली निर्माण झाला. आज भिलाईचे सेक्टर जेथे आहेत, त्या गावांची शेते तेव्हा रायपूर जिल्ह्यात मोडत होती.

बंदोबस्ताच्या कामात माती पारखली जाई. काळी भारी कन्हार, पिवळसर मटासी, दोहोंच्या मधली डोरसा आणि मुरमाड, हलकी भाठा, ही छत्तीसगढच्या शेतकऱ्याच्या तोंडची नावे सरकारी दप्तरात गेली. शेत कोणाचे, त्याच्या सीमा कोणत्या, सारा किती, हे लिहून झाले. भोसल्यांच्या काळी गावचा गौंटिया हा सारा गोळा करून भरणारा प्रमुख होता, जमिनीचा धनी नव्हता. १८६० नंतरच्या दशकातील या बंदोबस्तात मालगुजारांना मालकीहक्क मिळाले. ते हक्क सरकारने रद्द केले, ते थेट १९५१ साली.

या बंदोबस्ताआधी छत्तीसगढच्या कित्येक गावांत 'लाखाबाटा' नावाची एक रीत होती. काही काळाने गावातील जमीन कुळांमध्ये पुन्हा वाटली जात असे. चांगली माती सदाच एका घराकडे आणि भाठा सदाच दुसऱ्याकडे राहू नये, हा तिचा हेतू. गावाने गावासाठी केलेली ती व्यवस्था होती आणि ती फिरती होती. कागदावरच्या बंदोबस्ताने प्रत्येक कुळाचे नाव एकेका शेताला बांधले, तशी ती फिरती रीत मावळत गेली. यात कुळाला सुरक्षितता मिळाली. जमीन कोणी सहज हिरावून घेऊ शकत नव्हते. पण गावाच्या हातातली समतेची एक युक्ती गेली. बांधण्याने एक गोष्ट घट्ट होते, तेव्हा दुसरी कोठेतरी सुटते, हे बंदोबस्ताच्या इतिहासातून शिकावे.

कागदाने बांधलेले आणि मनाने बांधलेले यांतले अंतर या भूमीत एका मराठी माणसाने हिंदीत लिहून ठेवले आहे. पंडित माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ चा, मातृभाषा मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपुरात. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले ते त्यांनीच. १९०१ साली त्यांच्या मासिकात 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. एक जमीनदार आपल्या वाड्याचा आवार वाढविण्यासाठी एका विधवेची झोपडी कोर्टाकडून मिळवितो. बेघर झालेली म्हातारी एक टोपलीभर माती मागावयास येते. तिची नात त्या घराच्या मातीच्या चुलीवर शिजवल्याखेरीज जेवणार नाही. ती जमीनदारालाच टोपली उचलून द्यावयास सांगते आणि ती त्याच्याने उचलत नाही. मग ती त्याला विचारते की एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या जागेत अशा हजारो टोपल्या आहेत, त्यांचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो. कोर्टाचा कागद जमीनदाराच्या बाजूने पुरता बांधलेला होता. पण माती ज्यांच्याशी बांधली गेली होती, ती माणसे दुसरी होती.

या दोन बंदोबस्तांमधले अंतर भिलाईतील मराठी कुटुंबांना आणखी एका प्रकारे भोगावे लागले.

१९५५ साली भंडारा, नागपूर किंवा वर्ध्याहून कोणी तरुण कामाच्या शोधात दुर्गला उतरला असेल, तर त्याने कोणत्याही राज्याची सीमा ओलांडली नव्हती. दुर्ग आणि नागपूर तेव्हा एकाच राज्यात होते. राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ झाले. तो तरुण आपल्या क्वार्टरमध्येच होता. सीमा मात्र त्याच्या पाठीमागे येऊन बांधली गेली. शेजारच्या जिल्ह्यात गेलेला माणूस एका रात्रीत परप्रांतात राहणारा ठरला. ज्या भाषेत तो सरकारला अर्ज लिहू शकत होता, ती त्या राज्यात घरापुरती उरली.

पुढच्या पिढीला त्याची झळ लागली ती दाखल्यांच्या वेळी. छत्तीसगढमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या निवासाचा पुरावा मागितला जातो आणि त्यासाठी जुन्या बंदोबस्तातील नोंद, म्हणजे 'मिसल', हा मोठा आधार असतो. कारखान्याबरोबर आलेल्या कुटुंबाचे नाव त्या मिसलीत असण्याचे कारणच नाही. त्यांच्या आजोबांचे नाव असले तर ते भंडाऱ्याच्या किंवा अमरावतीच्या दप्तरात. येथे जन्मलेला, येथे शिकलेला, येथली बोली अस्खलित बोलणारा मुलगा कागदाच्या बस्त्यात मात्र सापडत नाही. त्या रात्री घरात जे बोलणे होते, ते अनेक माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी ऐकलेले असेल.

सरकारी बंदोबस्तात ज्यांची गाठ मारली गेली नाही, त्यांनी मग आपल्या बांधणीचा दुसरा बंदोबस्त केला. गणेशोत्सव, हळदीकुंकू, भीमजयंती, वाचनालय, नाट्यप्रयोग, आणि या सर्वांच्या मुळाशी मराठी शाळा. पाठीवर सामानाची बांधाबांध करून आलेल्या माणसांनी मुलांच्या पाठीवर बस्ता दिला. बांधाबांधीपासून बंदोबस्तापर्यंतचा हा प्रवास शब्दकोशात एका ओळीचा असेल. भिलाईत त्याला एक पिढी लागली.

येथे दोन राज्यांच्या भाषांतला एक बारकावा उपयोगी पडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांमध्ये पालकांची जी समिती सांगितली, तिला महाराष्ट्रात 'शाळा व्यवस्थापन समिती' म्हणतात, छत्तीसगढमध्ये 'शाला प्रबंधन समिती'. काम एकच, पण दोन शब्दांची दृष्टी निराळी आहे. 'व्यवस्था' शब्दाच्या मुळाशी 'स्था' आहे, उभे राहणे. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी वेगवेगळी उभी राहिली की व्यवस्था झाली. 'प्रबंध' आणि 'बंदोबस्त' यांच्या मुळाशी बांधणे आहे. वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना धरून राहिल्या की बंदोबस्त झाला. भिंत, फळा, बाके, वेळापत्रक, पटावरची नावे ही शाळेची व्यवस्था. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी आणि भाषा यांची गाठ हा शाळेचा बंदोबस्त. व्यवस्था एकदा लावली की काही काळ आपसूक उभी राहते. गाठ तशी राहत नाही. सुतळीची गाठ पावसाने फुगते, उन्हाने सैल होते. ती अधूनमधून पाहावी लागते आणि पुन्हा आवळावी लागते.

आज ही गाठ सैल होत आहे, हे समारंभाच्या दिवशीही लपवून ठेवू नये. भिलाईतील मराठी घरात मूल शाळेत घालण्याची वेळ आली की एक प्रश्न उठतो. मराठीत शिकवून पुढे काय? नोकरी इंग्रजीवर मिळते, बाजार हिंदीत चालतो, दाखला निघण्याची मारामार. मग मराठी हे मुलाच्या पायातले बंधन तर होणार नाही? हा प्रश्न विचारणारे पालक भाषेचे वैरी नाहीत. आपल्या मुलाच्या वाटेत काही आड येऊ नये, एवढीच त्यांची चिंता आहे आणि ती खरी आहे. तिला भाषाभिमानाच्या घोषणेने उत्तर देता येत नाही.

परंतु 'बंदोबस्त' शब्दाच्या कुटुंबाकडे पाहिले, तर उत्तराची एक दिशा सापडते. त्या कुटुंबात 'पायबंद'ही आहे आणि 'बस्ता'ही आहे. दोन्ही बांधणेच. पण पायबंद बांधला जातो तो कोणी कोठे जाऊ नये म्हणून. आणि बस्ता बांधला जातो तो कोठेतरी जावयाचे असते म्हणून. ज्याला जागचे हलायचे नाही, तो गाठोडे कशाला बांधील? मातृभाषा मुलाला पायबंद होईल की बस्ता होईल, हे भाषेच्या अंगी नसते. ते बांधणाऱ्याच्या हाती असते. मराठीबरोबर चांगली हिंदी आणि चांगली इंग्रजी शिकविली नाही, विज्ञान नीट शिकविले नाही, तर मराठीचे नाव घेऊन मुलाच्या पायात दोर घातल्यासारखे होईल, आणि तो दोष शाळेचा असेल. उलट, या तिन्ही भाषा एका गाठोड्यात नीट बसविल्या, तर आजीची ओवी, सप्रे यांची हिंदी आणि जगाची इंग्रजी पाठीवर घेऊन मूल कोठेही जाऊ शकते. सप्रे स्वतः असा बस्ता घेऊनच निघाले होते. मराठी त्यांच्या पायात आली नाही. तिच्या बळावर त्यांनी हिंदीला दासबोध दिला.

बस्त्याची एक बाजू शाळेच्या हातात असते, दुसरी घराच्या. शाळेत पाच-सहा तास मराठी ऐकणारे मूल घरी परतल्यावर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलले जाते, यावर गाठ बसते की सुटते ते ठरते. आजोबांचे पत्र, आजीच्या पाककृतीची वही, गावाकडचा जुना सातबारा ज्या लिपीत आणि ज्या भाषेत आहे, ती वाचणारा घरात एकजण तरी असावा, एवढी मागणी फार मोठी नाही. दाखल्यासाठी भंडाऱ्याच्या दप्तरातला मराठी कागद शोधावा लागला, तेव्हा ज्या घरात तो वाचता येत होता आणि ज्या घरात वाचता येत नव्हता, त्या दोन घरांतला फरक येथे बसलेल्यांपैकी काहींना चांगला ठाऊक आहे.

माजी विद्यार्थ्यांची गोष्ट थोडी निराळी. ते आता पुण्यात, बंगळुरूत, रायपुरात, परदेशात आहेत. भिलाईच्या कारखान्यात तयार झालेले रूळ जसे देशभर पसरले आहेत आणि त्यांवरून गाड्या धावतात, तरी त्यांचे मूळ या मातीत आहे, तसेच त्यांचे. रूळ दोन गावे बांधतो, पण कोणाला जखडून ठेवीत नाही. बांधल्यामुळेच जाणे-येणे होते. शाळेशी असलेली गाठ त्यांनी तशी ठेवावी. एखाद्या सुट्टीत वर्गावर येऊन एक तास शिकवावे, वाचनालयाला एक पुस्तक द्यावे, दहावीच्या मुलाला पुढच्या वाटेची माहिती सांगावी. हीरकमहोत्सवी ग्रंथाची पाने शिवणारा कारागीरही काही मोठे करीत नाही. सुटी पाने एका दोऱ्यात घेतो, एवढेच. पण त्या दोऱ्यावाचून साठ वर्षांच्या आठवणी वाऱ्यावर जातील.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली गाठ मारली, त्यांतले बहुतेक आज या मांडवात नाहीत. त्यांनी बंदोबस्त करून ठेवला म्हणून आजचा दिवस उजाडला. शब्दाच्या घडणीतच त्यांचे आणि आजच्यांचे काम वाटून दिलेले आहे. 'बस्त' म्हणजे बांधलेले. ते त्यांनी केले. 'बंद' हे अंग वर्तमानकाळाचे आहे. ते उरलेल्यांसाठी आहे.

मांडव उद्या उतरेल. शाळेचा बंदोबस्त मात्र उद्या सकाळी प्रार्थनेच्या घंटेबरोबर पुन्हा नव्याने करावा लागेल, आणि परवाही.